‘डड’ : एका शब्दाची कुळकथा

नरकचतुर्दशीची पहाट सरून ऊन अंगणांत उतरलें, म्हणजे जळक्या कागदांचा खच आळीभर पसरलेला असतो. त्या खचांतून मुलें न उडालेले फटाके वेंचून काढतात. कोणाची वात अर्ध्यावर विझलेली असते, कोणाची मुळींच पेटलेली नसते, तर कोणाच्या पोटांतली दारू दमट निघालेली असते. मराठींत अशा फटाक्याला ‘फुसका’ म्हणतात. आणि मोठा गाजावाजा होऊन पुढें कांहींच घडलें नाहीं, म्हणजे त्या प्रकारालाही ‘फुसका बार’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्रजांच्या बोलींत याच अर्थाचा एक लहानसा शब्द आहे. तो शब्द ‘डड’. ‘डबा’ या शब्दाच्या आरंभीं जो ‘ड’ येतो तोच दोनदां तोकडा उच्चारला, कीं हा शब्द झाला. शब्दकोशकार त्याच्यापुढें ‘बोलींतला’ अशी खूण करतात आणि सभ्य निबंधांत तो सहसा येत नाहीं. परंतु प्रेक्षकांनीं पाठ फिरविलेलें नाटक, न वटलेला चेक, न पेटणारी आगकाडी, विजेरींतला मेलेला सेल आणि संघांतला कुचकामी खेळाडू, या सर्वांची वासलात तो एका अक्षराच्या द्विरुक्तींत लावतो.

अपयशाला इंग्रजी बोलींत नांवें पुष्कळ आहेत. ‘फ्लॉप’ हा शब्द आतां मराठी घरांतही नांदूं लागला आहे. कांहीं तरी मऊ व जड वस्तु धप्‌कन्‌ खालीं पडल्याचा तो आवाज. ‘फियास्को’ हा इटालियन रंगभूमीवरून आला. त्याचा मूळ अर्थ बाटली, आणि पडलेल्या नाटकाचा बाटलीशीं संबंध काय याविषयीं कथा अनेक असल्या तरी पुरावा एकीलाही नाहीं. या दोघांपेक्षां ‘डड’चा प्रवास लांबचा व विलक्षण आहे. तो भिकाऱ्याच्या अंगावरच्या चिंध्यांत जन्मला, खोट्या नाण्यांच्या संगतींत वाढला आणि पहिल्या महायुद्धाच्या चिखलांत त्याला आजचा अर्थ मिळाला. त्या चिखलांत त्यानें जी चूक केली, तिची किंमत आजतागायत माणसें मोजीत आहेत.

मध्ययुगीन इंग्रजींत ‘डड’ म्हणजे एक प्रकारचें जाडेंभरडें पांघरूण किंवा अंगरखा. या शब्दाचें मूळ कोणत्या भाषेंत आहे हें निश्चित झालेलें नाहीं, आणि व्युत्पत्तिशास्त्रांत ‘निश्चित नाहीं’ असें कबूल करणारा कोशच विश्वासास अधिक पात्र समजावा. पुढें एकवचन मागें पडून ‘डड्‌स’ असें बहुवचनच प्रचारांत राहिलें. अर्थही खालीं घसरला. साधे कपडे, मग जुने कपडे, मग लक्तरें अशी ती उतरंड आहे. मराठींत ‘चिरगूट’ शब्दाला जी कळा आहे तीच जवळजवळ त्याला आली.

सोळाव्या शतकांत हा शब्द चोरांच्या तोंडीं फार होता. थॉमस हार्मन नांवाच्या केंट परगण्यांतील एका जमीनदारानें १५६७ सालच्या सुमारास भटक्या भिकाऱ्यांविषयीं व भामट्यांविषयीं एक पुस्तक छापलें. दाराशीं येणाऱ्या भिकाऱ्यांना बोलतें करून त्यानें त्यांच्या खुणा, युक्त्या आणि गुप्त भाषा टिपून घेतली, व पुस्तकाच्या शेवटीं त्या भाषेचा एक लहानसा कोश जोडला. त्या कोशांत ‘डड्‌स’ म्हणजे कपडे, अशी नोंद सांपडते. कुंपणावर वाळत घातलेले कपडे लांबविणें हा त्या काळच्या भामट्यांचा मोठा धंदा, तेव्हां कपड्यांना त्यांच्या बोलींत वेगळा शब्द असावा यांत नवल नाहीं. स्कॉटलंडांत मात्र हा शब्द चोरांपुरता राहिला नाहीं. रॉबर्ट बर्न्स या कवीच्या ‘टॅम ओ’शँटर’ या १७९१ सालच्या काव्यांत नाचतां नाचतां चेटकिणी अंगावरचीं वस्त्रें भिरकावून देतात, तेथें याच शब्दाचें स्कॉच रूप आलें आहे. जुन्या इंग्रजींत बुजगावण्याला ‘डडमन’ असेंही एक नांव होतें. चिंध्यांचा माणूस! दुरून माणूस, जवळ जाऊन पाहावें तों आंत काठी आणि गवत. शब्दाच्या पुढच्या चरित्राचें बीज या बुजगावण्यांत दिसतें, असें मानण्याचा मोह होतो.

एकोणिसाव्या शतकांत शब्दानें कूस बदलली. १८२५ च्या सुमारास तो कपड्यांवरून कपडे घालणाऱ्याकडे गेला. फाटक्या कपड्यांतल्या माणसाला तुच्छतेनें ‘डड’ म्हणूं लागले. १८९७ च्या सुमारास त्याचा अर्थ ‘खोटी, बनावट वस्तु’ असा नोंदला गेला आहे, आणि १९०८ पर्यंत ‘निरुपयोगी माणूस किंवा वस्तु’ हा अर्थ रूढ झाला. चिंध्यांपासून खोट्या नाण्यापर्यंतचा हा मार्ग फारसा दुर्बोध नाहीं. बाहेरून कांहीं तरी असल्याचा भास आणि आंत पोकळपणा, एवढाच त्यांतला धागा. चांदीच्या रुपयाच्या काळांत मराठी व्यापारी रुपया दगडावर आपटून पाहत असे. खणखणीत वाजला तर बंदा, मंद वाजला तर ‘बद्द’. ‘बद्द’ हा शब्द कानाला जसा लागतो तसाच ‘डड’ही लागतो; दोहोंत नाद मरतो. अर्थात्‌ ही केवळ कानाची गंमत आहे. त्यावरून दोन्ही शब्दांचें नातें जुळविणें म्हणजे वाटेंत भेटलेल्या दोघांचीं नाकें सारखीं दिसलीं म्हणून त्यांना भाऊ ठरविणें होय.

असें नातें जुळविणारे पंडितही झाले आहेत. डच भाषेंत ‘मेलेला’ या अर्थीं जो शब्द आहे, त्याचा उच्चार ‘डोट’ असा कांहींसा होतो. त्यावरून ‘डड’ म्हणजे मेलेला, असें कोणी कोणी सांगतात. परंतु लक्तरांपासूनची एवढी जुनी परंपरा हातीं असतांना समुद्र ओलांडण्याचें कारण दिसत नाहीं. मात्र ही चुकीची व्युत्पत्ति लोकांना कां आवडते हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ‘डड’ म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत ‘मेलेलें, संपलेलें, आतां यापासून कांहीं नाहीं’ असाच भाव उठतो. पुढें जो घोटाळा झाला तो याच भावानें झाला.

माणसाला ‘डड’ म्हणण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकांत पडली, तिला मराठी शाळेंत एक सख्खें भावंड आहे. अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. याचें कारण असें सांगतात, कीं ब्राह्मी लिपीपासून आजच्या बाळबोधीपर्यंत इतर अक्षरांचीं रूपें पार बदललीं, पण ‘ढ’ हें अक्षर होतें तसेंच राहिलें. तेव्हां कितीही वर्षें गेलीं तरी ज्याच्यांत फरक पडत नाहीं तो ‘ढ’. स्पष्टीकरण चतुर आहे. परंतु अक्षराविषयीं जें खरें, तें अक्षर गिरविणाऱ्या मुलाविषयींही खरें असतेंच असें नाहीं. पहिल्या बाकावर बसणाऱ्या चार मुलांवरून वर्गाची परीक्षा करणाऱ्या मास्तरांना ही गोष्ट बहुधा उशीरां कळते. असो.

आतां हा शब्द रणांगणावर कसा गेला तें पाहावयाचें. त्यासाठीं तोफेचा गोळा उडतो कसा, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. शिवकालांतला भरीव लोखंडी गोळा आणि १९१४ सालचा गोळा यांत नांवाखेरीज साम्य थोडें. हा दुसरा गोळा म्हणजे पोलादाची जाड, निमुळती नळी. तिच्या पोटांत टी.एन.टी.सारखें स्फोटक द्रव्य भरलेलें असतें. हें द्रव्य मोठें शांत असतें. पाण्याच्या उकळीहून कमी उष्णतेवर तें वितळतें आणि साखरेच्या पाकासारखें गोळ्यांत ओततां येतें. नुसत्या धक्क्यानें तें सहसा पेटत नाहीं. त्याला जागें करण्यासाठीं गोळ्याच्या टोंकाशीं किंवा बुडाशीं ‘फ्यूज’ नांवाचें एक यंत्र बसविलेलें असतें. त्यांत एक सुई व एक केप असते. सुई केपेवर आपटली कीं ठिणगी पडते, त्या ठिणगीनें मधल्या नळींतलें तिखट द्रव्य पेटतें, आणि त्याच्या तडाख्यानें पोटांतलें शांत द्रव्य एकदम फुटतें.

परंतु ही सुई मोकळी ठेवली तर गोळा गाडींतून नेतांनाच उडावयाचा. म्हणून तिला अडसर घातलेले असतात. तोफ सुटतांना जो प्रचंड हिसका बसतो त्यानें एक अडसर सुटतो. गोळा हवेंत गरगर फिरूं लागला म्हणजे त्या फिरण्यानें दुसरा बाजूला सरतो. जमिनीवर आपटेपर्यंत सुई मोकळी झालेली असते आणि शेवटचा एक ठोका तेवढा उरलेला असतो. या साखळींतली कोणतीही कडी निसटली कीं गोळा पडतो आणि पडून राहतो. कधीं जमीन इतकी मऊ असते कीं सुईला पुरेसा ठोका बसत नाहीं. कधीं गोळा टोंकावर न पडतां कुशीवर पडतो. कधीं केपच वाईट निघते, तर कधीं कारखान्यांत एखादा आटा नीट बसविलेला नसतो. जो गोळा असा पडून राहिला, त्याला तोफखान्यांतले शिपाई ‘डड’ म्हणूं लागले. दुकानांतला खोटा पैसा आणि शेतांतला न फुटलेला गोळा, दोघांनींही वचन मोडलें होतें. त्यामुळें शब्द तयारच सांपडला.

हे डड इतके झाले कीं शब्दाला देशभर पसरायला वेळ लागला नाहीं. युद्ध सुरू झालें तेव्हां इंग्लंडजवळ मोठ्या तोफांचे गोळे फारच थोडे होते. १९१५ च्या मार्च महिन्यांत फ्रान्समधील नव्ह शापेल या खेड्यापाशीं जी लढाई झाली, तींत हिंदी पलटणींनीं हल्ल्याचा मोठा भार उचलला. खुद्द महाराष्ट्राचाही त्या गांवाशीं संबंध आहे. १९१४ च्या २८ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे त्याआधीं सुमारें साडेचार महिने, याच खेड्यावर चालून गेलेल्या तुकड्यांत खडकीला ठाणें असलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या कंपन्या होत्या, व त्यांची तेथें भयंकर हानि झाली. पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें तेथील स्मारकावर कोरलेलीं आहेत. नव्ह शापेलनंतर गोळ्यांचा सांठा आणखीच आटला. मे महिन्यांत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानें या टंचाईला वाचा फोडली, सरकार हादरलें, आणि लॉइड जॉर्ज यांच्या हातीं दारूगोळ्याचें नवें खातें देण्यांत आलें.

खातें निघालें आणि कारखानेही निघाले. पूर्वीं रेल्वेचीं इंजिनें दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांत गोळे ओतूं-कातूं लागले. लाखों स्त्रिया कामावर आल्या, टी.एन.टी. हाताळून त्यांतल्या कित्येकींची कातडी पिवळी पडे आणि लोक त्यांना पिवळ्या पाखरांच्या नांवानें हाका मारीत. गोळ्यांची संख्या वर्षाच्या आंत डोळे दिपावेत अशी वाढली. परंतु फ्यूज हें घड्याळजीच्या हाताचें काम, आणि तें घाईनें, नवख्या हातांनीं, अपुऱ्या तपासणीनें होत होतें. मोजणी गोळ्यांची झाली. ते फुटतील कीं नाहीं याची मोजणी रणांगणावर व्हावयाची होती.

ती १९१६ सालीं सोम नदीच्या कांठीं झाली. २४ जूनपासून सात दिवस इंग्रज तोफांनीं जर्मन खंदकांवर १५ लाखांहून अधिक गोळे टाकले. आतां पलीकडे जिवंत कोणी राहिलें नसेल, तारांची कुंपणें तुटून गेलीं असतील, अशी वरिष्ठांची खात्री होती. १ जुलैला सकाळीं साडेसात वाजतां शिपाई खंदकांतून वर आले आणि चालूं लागले. तारा जागच्या जागीं होत्या. जमिनीच्या पोटांत खोल भुयारांत बसलेले जर्मन सैनिक मशीनगना घेऊन वर आले. संध्याकाळपर्यंत इंग्रजांच्या बाजूचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाले होते. त्यांतले १९,२४० मेले. टाकलेल्या गोळ्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा फुटलाच नसावा, असा कांहीं इतिहासकारांचा अंदाज आहे. अनर्थाचा सगळा दोष मात्र डड गोळ्यांवर टाकतां येणार नाहीं. मोठ्या तोफा कमी होत्या, मारा फार विस्तीर्ण भागावर पातळ पसरला होता आणि तारा तोडण्यासाठीं वापरलेल्या गोळ्यांची जातच त्या कामाची नव्हती. पण पुढें सरसावलेल्या शिपायाला आपल्या पायाशीं चिखलांत आपल्याच बाजूचे गोळे अखंड पडलेले दिसले, तेव्हां त्याला ‘डड’ या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागला नाहीं. जरा स्पर्श होतांच उडणारें सुधारलेलें फ्यूज १९१७ सालीं सर्रास वापरांत आलें.

शिपायांच्या तोंडून शब्द चोहोंकडे गेला. वैमानिक उड्डाणाला अयोग्य अशा ढगाळ दिवसाला ‘डड’ म्हणत. नालायक अधिकारी डड झाला, थंड पडलेला चहा डड झाला. त्याच खंदकांतून हिंदुस्थानी मूळाचेही शब्द इंग्लंडांत रुजले. मायदेशाला शिपाई ‘ब्लायटी’ म्हणत, तो आपल्या ‘विलायती’चाच अपभ्रंश. युद्ध संपल्यावर घरीं परतलेल्या माणसांनीं ‘डड’ दुकानांत, कचेरींत व नाटकगृहांत नेला आणि फसलेल्या खर्चिक उद्योगाचें तें नांव झालें. अमेरिकेंत तर त्याची मिठाई झाली. शिकागोच्या एका मिठाईवाल्याला चॉकोलेटचें आवरण दिलेली अगदीं वाटोळी गोळी करावयाची होती. ती कांहीं केल्या वाटोळी होईना. तेव्हां त्यानें तिला ‘मिल्क डड्‌स’ हेंच नांव देऊन ती बाजारांत आणली, असें सांगतात. १९२० नंतरच्या दशकांत निघालेली ती वाकडी गोळी अनेक वर्षें खपली. अपयशाचें नांव घेऊन एवढें यश मिळविणारी दुसरी वस्तु क्वचितच असेल.

न उडालेल्या बारावरून अपयशाचा शब्द बनविण्याची खोड इंग्रजांनाच आहे असें नव्हे. जर्मन भाषेंत न फुटलेल्या गोळ्याला ‘ब्लिंडगेंगर’ म्हणतात, म्हणजे आंधळेपणानें चालत गेलेला. आणि कुचकामी माणसालाही तेंच नांव आहे. फ्रेंच भाषेंत बंदूक न उडाली तर तिनें ‘उंदीर पकडला’ असें म्हणण्याची एक जुनी रीत होती. त्या उंदरावरूनच निघालेला ‘राते’ हा शब्द आज आयुष्यांत फसलेल्या माणसाला लावतात. जुन्या चकमकीच्या बंदुकींत कान्यावरची रंजक भुर्रकन्‌ पेटे आणि आंतला बार तसाच राही. त्यावरून इंग्रजींत क्षणभर चमकून विझणाऱ्या माणसाला लावावयाचा एक वाक्प्रचार तयार झाला. मराठीचा ‘फुसका बार’ याच पंगतींतला. चार भाषा, चार मुलुख, पण जो धडाका व्हावयाचा तो न झाल्याची निराशा सगळीकडे सारखीच बोलते.

येथपर्यंत शब्दाची कहाणी करमणुकीची आहे. परंतु या सर्व शब्दांत एक गृहीत धरलेली गोष्ट दडलेली आहे, ती ही, कीं जें उडालें नाहीं तें संपलें. नाटकाच्या बाबतींत तें खरें. चेकाच्या बाबतींतही बहुधा खरें. ज्या वस्तूवरून हा अर्थ घेतला तिच्या बाबतींत मात्र तें साफ खोटें आहे. फ्यूजची रचना वर सांगितली ती आठवावी. तोफेंतून सुटून जमिनीवर पडलेल्या गोळ्याचे अडसर बहुधा आधींच निघालेले असतात. सुई मोकळी असते. कोऱ्या, कोठींत ठेवलेल्या गोळ्यापेक्षां हा पडलेला गोळा म्हणूनच अधिक घातक. त्याचें काम फसलेलें नसतें. तें शेवटच्या पायरीवर अडलेलें असतें. शिवाय काळ त्याला मवाळ करीत नाहीं. पोलाद गंजतें, पण टी.एन.टी. वर्षानुवर्षें जसेंच्या तसें राहतें. पिक्रिक आम्ल भरलेल्या गोळ्यांत तर त्या आम्लाचा धातूशीं संयोग होऊन असे क्षार तयार होतात, कीं ते मूळ द्रव्यापेक्षांही लवकर भडकतात.

फ्रान्सच्या उत्तर भागांत आणि बेल्जमच्या फ्लँडर्स प्रांतांत शेतकऱ्याला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. थंडींत जमीन गोठते व सुटते, तसतसे गाडलेले गोळे वर सरकत येतात आणि वसंतांत नांगराच्या फाळाला लागतात. तेथील लोक त्याला ‘लोखंडाचें पीक’ म्हणतात. सांपडलेला गोळा शेताच्या कडेला, रस्त्यावरच्या एखाद्या खांबापाशीं ठेवावयाचा, म्हणजे लष्कराची गाडी येऊन तो घेऊन जाते. युद्धाला शंभर वर्षें उलटून गेल्यावरही एकट्या बेल्जमच्या लष्करी पथकाकडे दरवर्षीं शंभराहून अधिक टन असें लोखंड जमा होत आलें आहे. त्यांत विषारी वायूचे गोळेही असतात. ते हातानें उघडतां येत नाहींत आणि उडवून टाकले तर वायु पसरतो. म्हणून त्यांच्यासाठीं निराळे कारखानेच उभारावे लागले. फ्रान्सनें युद्धानंतर वस्तीला व शेतीला अयोग्य म्हणून जो ‘तांबडा पट्टा’ राखून ठेवला, त्याचा कांहीं भाग अजून बंदच आहे. १९ मार्च २०१४ रोजीं ईप्र शहरांत बांधकामाच्या जागीं जुना गोळा उडून दोन मजूर ठार झाले. तो गोळा झाडला गेला, तेव्हां त्यांचे आजोबाही कदाचित्‌ शाळेंत गेले नसतील.

दुसऱ्या महायुद्धानें हा वारसा शहरांतही नेला. ३ सप्टेंबर २०१७ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत एका जुन्या इंग्रज बाँबमुळें साठ हजारांवर लोकांना एका दिवसापुरतें घर सोडावें लागलें. रुग्णालयें रिकामीं केलीं गेलीं. बाँब निकामी झाला, आणि लोक संध्याकाळनंतर घरीं परतले.

लाओस देशांत मात्र असें सावकाशीनें घर सोडण्याची सोय नव्हती. १९६४ ते १९७३ या काळांत अमेरिकी विमानांनीं त्या लहानशा देशावर गुच्छबाँब टाकले. एका मोठ्या कवचांतून शेंकडों लहान गोळे बाहेर पडावयाचे, अशी त्यांची रचना. सुमारें २७ कोटी असे गोळे पडले आणि त्यांपैकीं तीसएक टक्के फुटले नाहींत, असा अंदाज आहे. हे गोळे चेंडूएवढे असतात. मुलांच्या हातांत नेमके मावतात. शेत खणतांना कुदळीला लागणारा गोळा आणि मुलानें खेळावयास उचललेला गोळा, यांनीं युद्धानंतर हजारों माणसें मारलीं वा अपंग केलीं. असे बाँब वापरूं नयेत असा करार २००८ सालीं झाला व २०१० सालीं अमलांत आला. पण मोठीं लष्करें बाळगणाऱ्या कित्येक राष्ट्रांनीं त्यावर सही केलेली नाहीं.

या कराराच्या चर्चेंत आपला हा जुना शब्द पुन्हां भेटतो, आणि या वेळीं तो बोलीभाषेंत नसून सरकारी कागदांत असतो. शंभर गोळ्यांपैकीं किती फुटत नाहींत या प्रमाणाला ‘डड रेट’ म्हणतात. उत्पादक तो कमी असल्याचें सांगतात आणि शेतें साफ करणारे तो जास्त असल्याचें दाखवितात. हार्मनच्या दाराशीं आलेल्या भिकाऱ्याच्या चिंध्या आतां कोष्टकांत, टक्केवारीच्या रकान्यांत जाऊन बसल्या आहेत. त्या रकान्यांत बसणारा माणूस ‘डड’ हा शब्द ‘वांया गेलेला’ याच अर्थानें लिहितो. ज्याच्या शेतांत तो पडला आहे तो तसें म्हणत नाहीं. साफसफाई करणारीं पथकें तर हा शब्द शक्यतों टाळतात व ‘न फुटलेला दारूगोळा’ असें लांबलचक नांव वापरतात. शब्द लांब आहे, कानाला रुक्ष आहे, पण खरा आहे. कारण त्यांत ‘न फुटलेला’ एवढेंच म्हटलें आहे, ‘न फुटणारा’ असें नाहीं.

फ्लँडर्समध्यें मेसीन नांवाची एक टेकडी आहे. १९१७ च्या ७ जूनला पहाटे इंग्रजांनीं तिच्या पोटांत महिनोन्‌महिने खणून ठेवलेले १९ सुरुंग एकदम उडविले. त्या भागांत आणखीही कांहीं सुरुंग भरून ठेवलेले होते. पण आघाडी सरकल्यामुळें त्यांची गरज पडली नाहीं आणि ते तसेच राहिले. कांटेकोर अर्थानें त्यांना डड म्हणतां येणार नाहीं, कारण ते पेटविलेच गेले नव्हते. कांहीं वर्षांत त्यांच्या नेमक्या जागाही लोक विसरले. १७ जून १९५५ रोजीं त्या भागांत मोठें वादळ झालें, वीज पडली, आणि त्यांतला एक सुरुंग अडतीस वर्षांनीं उडाला. शेतांत प्रचंड खड्डा पडला. मेली ती एक गाय. उरलेल्यांपैकीं एक सुरुंग एका शेतघराच्या परिसरांत जमिनीखालीं खोल असल्याचें पुढें उमगलें; त्यांत सुमारें २२ टन दारू आहे असें मानतात. तो काढणें धोक्याचें म्हणून तसाच ठेवला आहे. वर शेती चालू राहिली.